बावन्नाव्या वर्षी कॅमेरा हाती आला, नोकरी सोडू का?

प्रश्न : मी बावन्न वर्षांची आहे. यंत्रांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात गुणवत्ता तपासणीचं काम बरीच वर्षं करते. मुलानं बाजूला ठेवलेला कॅमेरा मध्यंतरी सहज हाती घेतला आणि आता सुट्टीचा प्रत्येक दिवस त्यातच जातो. नोकरी सोडून एक वर्षाचा पूर्णवेळ अभ्यासक्रम करावा आणि मग लग्नाचे फोटो काढावेत, असं मनात आहे. मुलगा म्हणतो, ‘आता या वयात कशाला?’

उत्तर : ताई, आधी वयाचा मुद्दा निकालात काढू. ब्रिटिश फोटोग्राफर ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन यांना पहिला कॅमेरा मिळाला तो १८६३ च्या अखेरीस, अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, लेक-जावयाकडून भेट म्हणून. काचेवर रसायन पसरायचं, ते ओलं आहे तोवर फोटो घ्यायचा आणि लगेच धुवायचा, असा तो काळ. तरीही १८६५ मध्ये लंडनच्या साउथ केन्सिंग्टन म्युझियमनं त्यांचे फोटो विकत घेतले. वय आड येत नाही. जवळचं धूसर दिसू लागलं असेल, तर व्ह्यूफाइंडरच्या, म्हणजे डोळा लावून बघायच्या खिडकीच्या, शेजारी एक बारीक चक्री असते, ती फिरवून आतली अक्षरं स्पष्ट करून घ्या. अनेकांना ती ठाऊकच नसते आणि उगाच लेन्सला दोष देत बसतात.

माझी हरकत आहे ती लग्नांना. तुमच्या मूळ पत्रात (वर त्याचा सारांशच दिलाय) लग्नाच्या फोटोंबद्दल जेमतेम एक ओळ आहे. पण तपासणीच्या टेबलावरच्या बेअरिंगच्या कड्याबद्दल, त्यावर उजेड तिरका पडला की डोळ्याला न दिसणारा ओरखडा कसा उठून येतो याबद्दल तुम्ही पानभर लिहिलंय. ते पान मी दोनदा वाचलं. तुमची ओढ कुठे आहे ते तिथे दिसतं.

औद्योगिक आणि उत्पादनांची फोटोग्राफी हे स्वतंत्र क्षेत्र आहे आणि चकचकीत धातू हा त्यातला अवघड विषय. असा धातू आरशासारखा वागतो. आपल्याला दिसतं ते त्यात पडलेलं भोवतालचं प्रतिबिंब. दिवा थेट रोखला तर एक पांढरा ठिपका चमकतो आणि बाकी भाग काळा पडतो. म्हणून दिवा ट्रेसिंग पेपरच्या मोठ्या पडद्यामागे ठेवायचा. मग धातूत तो पांढरा पडदा उमटतो आणि पृष्ठभाग एकसारखा उजळतो. कड पार्श्वभूमीत विरघळत असेल, तर फ्रेमच्या जरा बाहेर काळ्या कार्डाची पट्टी उभी करायची, की कडेला स्वच्छ गडद रेघ येते. पट्टी किंचित हलवली की रेघ जाड-बारीक होते. हे करताना कुठला भाग महत्त्वाचा आणि कुठला पृष्ठभाग दाखवायलाच हवा, हे नवख्या फोटोग्राफरला दुसऱ्या कुणीतरी सांगावं लागतं. तुम्हाला ते आधीच कळतं.

ब्राझीलचे फोटोग्राफर सेबास्तियाव सालगादो शिक्षणानं अर्थशास्त्रज्ञ. आंतरराष्ट्रीय कॉफी संघटनेतली नोकरी सोडून १९७३ मध्ये ते पूर्णवेळ फोटोग्राफीकडे वळले आणि पुढे त्यांनी जगभरचे कष्टकरी आणि स्थलांतरित टिपले. आधीचं ज्ञान त्यांनी टाकून दिलं नाही, तुम्हीही टाकू नका.

लग्नाचं काम वाईट नाही, पण त्यात तासन्‌तास उभं राहावं लागतं आणि हुकलेला क्षण पुन्हा मिळत नाही. फारच वाटलं तर एखाद्या अनुभवी फोटोग्राफरबरोबर मदतनीस म्हणून जाऊन बघा.

वर्षभराच्या अभ्यासक्रमाची तुम्हाला आत्ता गरज दिसत नाही. ॲपर्चर (लेन्सचं छिद्र किती उघडं), शटर स्पीड (उजेड किती वेळ आत घ्यायचा), आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाबद्दलची संवेदनशीलता) यांचं गणित घरी सरावानं बसतं. शिकून घ्यायची ती प्रकाशयोजना, आणि ती सुट्टीच्या दिवशी चालणाऱ्या कार्यशाळेत शिकता येते. त्यानंतर एखाद्या छोट्या उत्पादकाच्या कॅटलॉगचं काम मागा. सगळे भाग एकाच कोनातून, एकाच उजेडात, सांगितलेल्या तारखेला. मनासारखा एक फोटो काढणं आणि दुसऱ्याच्या गरजेनुसार तीस फोटो सारखे काढणं यांत फार अंतर आहे. विसाव्या भागाशीही तुमचा हात आणि मन तितकंच लागलेलं असेल, तर हे तुमचं काम होऊ शकतं. कंटाळा आला, तर छंद म्हणून ते जपा. त्यातही काही कमी नाही.

मात्र स्वतःच्या कारखान्यात लेखी परवानगीशिवाय कॅमेरा काढू नका. तिथले भाग आणि आराखडे गोपनीय असू शकतात. नोकरीत असताना बाहेरचं काम घ्यायला मुभा आहे का, हेही नेमणुकीच्या अटींत बघून घ्या. आणि पहिल्याच कामापासून फोटोंचे हक्क कुणाकडे, ते किती काळ, कुठे वापरणार, हे लेखी ठरवा.

राजीनाम्याचा विचार दुसरं-तिसरं काम त्याच ग्राहकाकडून परत आल्यावर करा. तेव्हाही आधी घरखर्च, कर्जाचे हप्ते आणि निवृत्तीनंतर मिळणारी रक्कम एका कागदावर मांडा आणि मुलाला शेजारी घेऊन बसा. त्याची शंका बहुधा पैशांचीच आहे, आणि तिचं उत्तर त्या आकड्यांतच मिळेल.