वॉर्डात नवीन आहेस? आधी इन्सुलिन शिक

सगळी औषधं एकदम पाठ करू नकोस. तुझ्या वॉर्डात रोज लागणारी दहा नीट शिक, त्यात पहिलं इन्सुलिन.

- इन्सुलिनच्या व्हायलवर (छोट्या बाटलीवर) ४० आययू/मिली, म्हणजे एका मिलीत ४० युनिट, आहे की १००, ते वाच. ४० ला लाल टोपीची सिरिंज, १०० ला केशरी. १०० चं इन्सुलिन लाल टोपीच्या सिरिंजमध्ये २० च्या खुणेपर्यंत (म्हणजे अर्धा मिली) भरलंस, तर पेशंटला ५० युनिट जातात! नवे लोक इथेच चुकतात.
- ‘युनिट’ पूर्ण लिही. घाईतला इंग्रजी ‘यू’ शून्यासारखा दिसतो, ४ चे ४० होतात.
- पोटॅशियम क्लोराइड थेट शिरेत कधीच ढकलायचं नाही, हृदय थांबू शकतं. ऑर्डरप्रमाणे सलाइनमध्ये नीट मिसळून, सावकाश.

अक्षर लागलं नाही तर अंदाज बांधू नकोस. डॉक्टरांना फोन कर, चिडले तरी.