सेंटरात करतो, मग घरात का नाही?

"तिथं बाईंच्या समोर सगळं करतोय बघा. घरात पाऊल टाकलं की आरडाओरडा सुरू. आमचं काय चुकालंय, सांगा की."

ऑटिझम (स्वमग्नता) असलेल्या मुलांच्या आया हा प्रश्न या ना त्या शब्दांत विचारतातच. ही आई खानापूर तालुक्यातल्या एका खेड्यातली. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.) मुलगा साडेचार वर्षांचा, घरात त्याला सोन्या म्हणतात. स्वतःहून वापरतो असे शब्द मोजके. ऐकलेलं मात्र जसंच्या तसं परत म्हणतो. वडील बेळगावात उद्यमबागेत फाउंड्रीत, पाळीची ड्युटी. घरात आज्जी आणि सहावीतली ताई. आठवड्यातून दोनदा बसने बेळगावचं थेरपी सेंटर गाठायचं, पाऊण तासाचं सेशन, परत बस. जुलैत तिकडचा पाऊस लागला की तेही चुकतं.

आठवड्याचे तास १६८. झोपेचे सत्तर वजा केले तर सोन्या ९८ तास जागा असतो. त्यातला दीड तास थेरपिस्टचा, बाकी सगळा घराचा. हे ऐकून बहुतेक पालक एकच करतात: घरात दुसरं सेंटर उभं करतात. या आईनंही तेच केलं होतं. कोपऱ्यात छोटं टेबल, चित्रांचे पत्ते, संध्याकाळी तासभर "हे काय? ते काय?" चार दिवसांत सोन्या टेबल दिसलं की मागच्या दारानं पळायला लागला.

सेंटरात मूल करतं, कारण तिथे समोर एकच माणूस असतो, पसारा कमी असतो आणि मागितल्याशिवाय वस्तू मिळत नाही, मागितली की लगेच मिळते. घरात चार माणसं आणि चार रीती. त्यात एका जागी, एका माणसाबरोबर शिकलेली गोष्ट दुसरीकडे आपोआप वापरणं ऑटिझममध्ये अवघड जातं. तो लबाडी करत नाही, हे आधी घरातल्यांच्या डोक्यात बसायला हवं. घरी वेगळा अभ्यास घ्यायचाच नाही. चहा, आंघोळ, जेवण, झोप जे रोज होतं त्यातच, वागणुकीच्या आधी आणि नंतर आपण काय करतो, तेवढं बदलायचं.

पहिला आठवडा काहीच बदलू नका, फक्त लिहा. वहीत चार रकाने: वेळ, आधी काय झालं, त्यानं काय केलं, मग आपण काय केलं. "हट्ट केला", "त्रास दिला" असं लिहिलं तर ते वाचून पुढे काहीच ठरवता येत नाही. दिसलं आणि ऐकू आलं तेवढंच लिहायचं. ताईच्या अक्षरातल्या तीन नोंदी अशा होत्या:

"संध्याकाळी ६.४०. आई भाकऱ्या थापत होती. सोन्या जमिनीवर पडला, टाचा आपटल्या, ओरडला, चार मिनिटं. आज्जीनं मोबाईल दिला. गप्प."

"सकाळी ८. आईनं न्हाणीत नेलं, डोक्यावर पाणी ओतलं. ओरडला, आईला चावला. आंघोळ अर्धीच सोडली."

"दुपारी १२. मिक्सर लावला. कान झाकले, ओरडला, डोकं भिंतीवर. मिक्सर बंद. मग गप्प."

ओरडणं तिन्ही वेळा सारखंच, कारणं मात्र तीन. पहिल्यात काहीतरी हवं आहे. दुसऱ्यात काहीतरी टळायला हवं आहे. तिसऱ्यात आवाज सोसत नाही. (चौथं कारण म्हणजे आपल्याकडे लक्ष वेधून घेणं, ते या घरात फारसं दिसलं नाही.) "ओरडला की दुर्लक्ष करा" हा सल्ला सर्रास दिला जातो, पण तो सरसकट लावला तर मिक्सरनं हैराण झालेल्या पोराला आपण एकटं सोडतो. आणि वागणूक एकाएकी बिघडली असेल तर वही बाजूला ठेवून आधी दात, कान, ताप आणि बद्धकोष्ठता तपासून घ्या. दुखतंय हे सांगता न येणारं मूल ते ओरडूनच सांगतं.

सुरुवात मागण्यापासून करायची, तिथे फळ लवकर दिसतं. मोबाईल मात्र बक्षीस म्हणून निवडू नका. दिलेला मोबाईल परत काढून घ्यावा लागतो आणि दर वेळी तिथेच भांडण होतं. सोन्यासाठी चिरमुरे निवडले. स्वस्त, तोंडात लगेच विरघळणारे, आणि एका वेळी चार-पाचच देता येतात, त्यामुळे पोट भरत नाही. बिस्किटाचा अख्खा पुडा हातात दिला तर पुन्हा मागायचं कारणच उरत नाही. शेंगदाणे नकोत, या वयात घशात अडकतात. आणि रोजचं जेवण कधीही बक्षीस करायचं नाही. भाकरी-आमटी मुलाला मिळालीच पाहिजे, तो कसाही वागो.

चिरमुरे घट्ट झाकणाच्या पारदर्शक बरणीत ठेवायचे. दिसायला हवेत, उघडता येता कामा नयेत. तळहाताएवढ्या पुठ्ठ्यावर बरणीचा फोटो चिकटवून कार्ड करायचं. माणसं दोन लागतात. आज्जी समोर, बरणी तिच्याकडे. ताई सोन्याच्या मागे. त्यानं बरणीकडे हात नेला की ताईनं मागून तोच हात कार्डावर न्यायचा, कार्ड उचलून आज्जीच्या तळहातात ठेवायला लावायचं. कार्ड हातात पडताच आज्जीनं "चिरमुरे!" म्हणायचं आणि लगेच द्यायचे. सेकंद-दोन सेकंदांत. आज्जी झाकण उघडण्यात अर्धा मिनिट घालवू लागली तर कशाचं काय मिळालं हे त्याला कळत नाही, म्हणून खेळाआधी झाकण थोडं सैल करून ठेवायचं. एका बैठकीत आठ-दहा वेळा, पाच मिनिटांत संपवायचं, आणि त्याला आणखी हवं असतानाच थांबायचं.

इथे चुका दोन होतात. एक, मागे बसलेली व्यक्ती बोलते. "दे बघू आज्जीला, दे की." मग मूल त्या बोलण्याची वाट बघत बसतं. मागच्यानं तोंड बंद ठेवायचं. दुसरी चूक समोरच्याची: "काय पाहिजे? सांग, काय पाहिजे?" असं विचारत राहिलं की मूल विचारल्यावरच मागायला शिकतं. सूचनांचंही तसंच. "ये, अरे ये, सोन्या ये ना" असं सात वेळा म्हटलं तर पहिल्या सहांना अर्थच राहत नाही. एकदा म्हणा, मनात पाच अंक मोजा, मग हात धरून मदत करा.

मदत कमी करायची तीही पायरीनं: आधी पूर्ण हात, मग मनगट, मग कोपराला नुसता स्पर्श, मग फक्त कार्डाकडे बोट. लागोपाठ दोन-तीन दिवस जमलं की पुढची पायरी. अडलं तर एक पायरी मागे, त्यात कमीपणा नाही. कार्डामुळे मूल बोलायचं थांबेल ही भीती घरोघरी असते. ती खरी ठरत नाही. मागण्याची वाट मिळाली की त्रागा कमी होतो, आणि कार्ड देताना शब्दही दर वेळी कानावर पडतो.

हे जमू लागल्यावरच ओरडून मोबाईल मिळणं बंद करायचं, त्याआधी नाही. जुनी वाट बंद केली आणि नवी दिलीच नाही, तर पोरानं करायचं काय? आणि घरच्यांना आधीच सांगून ठेवा की बंद केल्यावर पहिले काही दिवस ओरडणं वाढतं. चार मिनिटं होतं ते पंधरावर जातं. नेहमीचं चालेना म्हणून मूल जोर लावतं, हे अपेक्षितच आहे. घात होतो तो इथे: चौथ्या दिवशी विसाव्या मिनिटाला कुणीतरी हार मानून मोबाईल देतं. त्या दिवशी मूल शिकतं की वीस मिनिटं ओरडावं लागतं. त्यापेक्षा सुरुवातच न केलेली बरी. गावची जत्रा, गणपती, घरातलं लग्न असे दिवस टाळून सुरू करा.

डोकं आपटणं मात्र दुर्लक्ष करण्याच्या यादीत कधीच नाही. मध्ये गोधडी किंवा आपला हात घाला, न बोलता, चेहरा शांत ठेवून. जखम होत असेल किंवा प्रमाण वाढत असेल तर घरचे प्रयोग थांबवून डॉक्टर आणि थेरपिस्टना कळवा.

आता आज्जी. त्यांना "मोबाईल देऊ नका" एवढंच सांगून भागत नाही. त्यांची अडचण खरी असते: पोर ओरडतं, शेजारची माणसं दारात येतात, "काय म्हणून मारालाय पोराला?" विचारतात. आज्जींना नियम देण्यापेक्षा काम द्यावं. बरणी त्यांच्या ताब्यात गेली आणि नातू दिवसातून कितीदा तरी आपणहून कार्ड घेऊन त्यांच्याकडे येऊ लागला. मग मोबाईल कपाटाच्या वर ठेवायचं त्यांनीच सुचवलं. शेजाऱ्यांनाही सुरुवातीच्या आठवड्यात दोन वाक्यांत कल्पना द्यावी.

आंघोळीचं वेगळं. तिथे अडलं होतं ते अचानक डोक्यावर येणाऱ्या पाण्यापाशी. पाणी कोमट, तांब्या आधी दाखवायचा, "एक, दोन, तीन" म्हणायचं, पहिला तांब्या पायावर, मग खांद्यावर, डोकं शेवटी. "थांब"चं कार्ड न्हाणीच्या दाराशी दोरीनं बांधायचं. त्यानं त्याला हात लावला की अर्धा मिनिट खरंच थांबायचं. न थांबता पुढे रेटलं तर ते कार्ड मेलंच समजा. शेवटचा तांब्या त्यानं स्वतः ओतायचा, कारण शेवटची पायरी स्वतः केली की काम लगेच संपतं आणि ते संपणंच त्याचं बक्षीस असतं. ते जमलं की शेवटच्या दोन पायऱ्या, मग तीन. दारावर दोन चित्रांची पट्टी: आधी आंघोळ, मग झोपाळा. झोपाळा विसरायचा नाही, उशीर झालेला असला तरी.

मिक्सरला उपाय साधा. लावण्याआधी भांडं दाखवून सांगायचं आणि ताईबरोबर अंगणात जायची मोकळीक द्यायची. सवय लागावी म्हणून जवळ धरून ठेवणं हा छळ आहे.

तीच गोष्ट हात फडफडवण्याची. आनंद झाला की सोन्या हात हलवतो. ते बंद करा म्हणून घरचे अडून बसले होते. त्यानं कुणाला इजा होत नाही, ते सोडून द्यावं. "माझ्या डोळ्यांत बघ" म्हणत हनुवटी धरणंही सोडून द्यावं. ऑटिझम असलेल्या मोठ्या माणसांनी या जबरदस्तीबद्दल बरंच लिहिलं-बोललं आहे, आणि त्यांचं ऐकायला हवं. मारणं, कोंडणं, तिखट लावणं याला थेरपीत जागा नाही.

घरच्यांच्या हातून हे होतं का, असा संशय असेल तर जवळचंच उदाहरण आहे. गोवा आणि पाकिस्तानातलं रावळपिंडी इथे झालेल्या, २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तज्ज्ञांनी नव्हे, तर प्रशिक्षण दिलेल्या आरोग्य कार्यकर्त्यांनी पालकांना शिकवलं. पालक मुलाच्या कलानं बोलू लागले आणि मुलं आपणहून संवाद सुरू करण्याचं प्रमाण वाढलं. ऑटिझम बरा करण्याचा दावा त्यात नव्हता. त्यात पालकांना त्यांच्या स्वतःच्या खेळाचा व्हिडिओ दाखवत असत, ही युक्ती घरी उचलता येते. आठवड्यातून एकदा ताईनं तीन मिनिटांचा व्हिडिओ काढायचा आणि थेरपिस्टना पाठवायचा. पावसानं बस चुकली तरी काम थांबत नाही, आणि आपण किती बोलतो हे बघून आईच थक्क होते.

भाषेचा प्रश्न सीमाभागात हमखास येतो. घरी मराठी, अंगणवाडीत कन्नड. मग "एकच भाषा ठेवा, मराठी बंद करा" असा सल्ला कुणीतरी देतं. दोन भाषांमुळे ऑटिझम असलेल्या मुलाचं बोलणं मागे पडतं असं संशोधनात दिसलेलं नाही. आईनं तिला सहज येते तीच भाषा बोलावी. मोडक्या कन्नडमध्ये ती लाड कसे करणार?

कागदपत्रांचंही इथेच उरकून घ्या. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझम आहे. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, देशभर चालतं, म्हणजे दवाखान्यासाठी मिरज-कोल्हापूर गाठणाऱ्यांनाही तेच. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय न्यासाच्या निरामय आरोग्य विम्यात वर्षाला एक लाखापर्यंतचा खर्च बसतो, थेरपीचाही.

सोन्यासाठी पुढचं काम अंगणवाडीचं. घरच्याच मापाची, त्याच फोटोंची दुसरी कार्डं करून द्यायची. प्रत्येकाच्या मागे कन्नडमध्ये तीन ओळी लिहून घ्यायच्या: कार्ड हातात आलं की वस्तूचं नाव घ्या, लगेच द्या, प्रश्न विचारू नका. पहिला आठवडा फक्त पाण्याचं कार्ड, कारण तहान रोज लागते आणि शिक्षिकेला त्यासाठी वेगळा वेळ काढावा लागत नाही.