पुण्यात राहून वाइल्डलाइफ आणि निसर्गाचे फोटो काढायला सुरुवात कशी करायची? बजेट ५० हजार आहे, थेट ताडोबा बुक करू का?

ताडोबा राहू द्या हो आत्ता. वाघ दिसला की सगळ्या जिप्स्या एकाच वळणावर गोळा होतात आणि तुम्ही शटर स्पीड कुठून बदलायचा ते शोधेपर्यंत वाघ झाडीत गेलेला असतो, पैसे मात्र जातातच. पुण्यातून सोलापूर रोडला लागलात की वर्षभर पुरेल एवढं काम आहे.

५० हजारात सेकंडहँड क्रॉप सेन्सर बॉडी, म्हणजे लहान सेन्सरचा कॅमेरा घ्या (शटर काउंट, म्हणजे आत्तापर्यंत किती फोटो काढलेत ते, विचारा, लेन्समधून टॉर्च मारून आत फंगस आहे का बघा, पुण्याच्या पावसाळ्यात बॅगेत पडून राहिलेल्या लेन्सना हमखास लागतो) आणि सोबत कॅननचा ५५-२५० एमएमचा झूम लेन्स किंवा तसाच एखादा ७०-३०० बास. २५० कमी वाटेल, पण कॅननच्या क्रॉप बॉडीवर तो ४०० सारखा दिसतो.

आणि खरं सांगू का, लेन्सपेक्षा हवा जास्त छळते. सुप्याच्या मयूरेश्वर अभयारण्यात चिंकारा बघायला लोक निवांत नाश्ता करून दहाला पोहोचतात, तोवर माळ तापलेला असतो, जमिनीवरून गरम हवा वर येत असते आणि मग फोटो असा येतो की चिंकारा पाण्याखाली उभा आहे. मग घरी येऊन लेन्सला शिव्या. इथे ६०० एमएमचा लेन्स लावला तरी तो त्याच हवेतून बघणार ना, उलट लांबचं ओढायला गेलात की मधली हवा वाढते आणि फोटो अजून बिघडतो. उपाय एकच, उजाडताना गेटवर हजर राहायचं आणि अंतर कमी असेल तेव्हाच क्लिक करायचं. गाडीतून काढताना इंजिन आणि एसी दोन्ही बंद, कारण खिडकीतून बाहेर जाणारी हवा आणि बॉनेटवरची गरम हवासुद्धा फोटो धूसर करते. गाडीतून उतरू नका, चिंकारा गाडीला एक वेळ चालवून घेतो, दोन पायांवरचा माणूस दिसला की सुसाट.

भिगवण साधारण १०० किमी. डिसेंबर ते मार्च उजनीच्या बॅकवॉटरला रोहित (फ्लेमिंगो), पट्टकादंब, चक्रवाक असे पक्षी सगळे असतात, कुंभारगाव किंवा डिकसळहून नाव मिळते, नाववाले दादा पक्षी चांगले ओळखतात. फक्त "दादा, जरा उडवा की" हे म्हणू नका. बिचारे खायला उतरलेत ते सोडाच, उडवलेल्या थव्याचे फोटो बहुतेक शेपटीचेच येतात कारण ते तुमच्यापासून लांब पळत असतात! पक्षी उडताना आणि उतरताना तोंड वाऱ्याकडे करतो, म्हणून वारा तुमच्या पाठीकडून आणि सूर्यही शक्यतो पाठीकडे, अशी नाव लावायला सांगा आणि थांबा, आपोआप तुमच्या दिशेने उडतील. शटर १/२००० सेकंद, आयएसओ (सेन्सरची प्रकाश टिपण्याची संवेदनशीलता) ऑटो, आणि नावेत जमेल तितकं खाली बसा, पक्ष्याच्या डोळ्याच्या उंचीवरून फोटो एकदम वेगळा येतो. ट्रायपॉड नावेत बिनकामाचा.

तो ट्रायपॉड ताम्हिणीला लागेल. पावसात धबधब्याला अर्धा सेकंद शटर आणि पोलरायझर फिल्टर लावला की ओल्या दगडांची चमक जाते, हिरवा रंग खरा दिसतो. सिंहगडावरून लांबच्या डोंगररांगा हव्या असतील तर पाऊस पडून नुकतं उघडलंय अशी संध्याकाळ पकडा, उन्हाळ्यात नुसता धुरकट पांढरेपणा. कासला वीकएंडला जाऊच नका.

सासवडकडच्या माळावर लांडगा दिसला तर नशीब काढलंत. पण पिल्लं असलेली जागा इन्स्टावर टाकू नका, दुसऱ्या रविवारी तिथे गाड्यांची रांग लागते. विचारलंच कुणी तर "पुरंदर तालुका" एवढंच सांगायचं.