नव्या होडीवर वायरलेस घेताना

होडी लहान आहे, हातातला सेट पुरे, असं कोणी सांगितलं तर ऐकू नकोस. हातातला साधारण 5 वॉटचा, होडीवर बसवायचा 25 वॉटचा. पण खरा फरक पाडते ती अँटेनाची उंची. होडीवरचे हे वायरलेस व्हीएचएफ पट्ट्यावर चालतात; त्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात, मध्ये क्षितिज आलं की संपलं. पैसे कमी असतील तर सेट साधा घे, अँटेना मात्र चांगली घे आणि डोलकाठीच्या टोकाला लाव. हातातला सेट जोडीला ठेव. होडीत पाणी शिरून बॅटरी गेली की तोच उरतो.

केबलचा जोड पावसाळा संपला की उघडून बघ. आतली तांब्याची तार हिरवी पडली असेल तर तेवढी कापून नवा जोड घाल. ‘सेट बिघडला’ म्हणतात तेव्हा पुष्कळदा दुखणं इथेच असतं.

समुद्रात चॅनल 16 सतत चालू हवा. हाक तिथे मारायची, मासळीच्या भावाच्या गप्पा दुसऱ्या चॅनलवर. माइक नीट अडकव; बटण दाबलेलं राहिलं तर आसपासच्या सगळ्यांचा 16 अडतो.

संकटात ‘मेडे’ तीनदा, होडीचं नाव तीनदा, जीपीएसवरचे अक्षांश-रेखांश, काय झालं, माणसं किती. मग बटण सोड आणि ऐक. हे लिहून सेटशेजारी चिकटव, प्रत्येक खलाशाकडून म्हणून घे. किनाऱ्याजवळ मोबाइलवरून तटरक्षक दलाचा 1554 लागतो, पण ते बोलणं शेजारच्या होडीला ऐकू जात नाही, आणि आधी पोचणार तीच.

सेटचा परवाना लागतो, तो घेतानाच काढ.