बिऱ्हाड लादलेलं तट्टू

पुणे

प्रिय मुली, अनेक आशीर्वाद.

तुझा आराखडा सावकाश वाचला. जुन्या गावातल्या कष्टाच्या जनावरांवर कुणीतरी जीव लावून लिहायला घेतलंय, याचा फार आनंद झाला. पण सुरुवातीची सगळी पानं पेशव्यांच्या घोडदळावर खर्ची पडली आहेत. ती काढून टाक. शनिवारवाड्यासमोरच्या पुतळ्यातला घोडा सगळ्यांनाच दिसतो. तू पीठ-मीठ वाहणाऱ्या घोड्यावर लिही.

आधी एक गोष्ट पक्की कर. विलायती चित्रांत घोडे नांगर ओढताना दिसतात; आपल्याकडे शेत कसलं ते बैलांनी. कारण गव्हाणीत सापडतं. बैल कडब्यावर निभावून नेतो, राबणाऱ्या घोड्याला चंदी, म्हणजे दाण्याचा खुराक, लागते. घरात पोरांनाच हरभरा पुरत नसताना घोड्याला कोण घालणार? मोटेवर, म्हणजे विहिरीतून पाणी उपसायच्या चामडी पिशवीवर, लिहिताना ‘बैल पाणी ओढत’ एवढ्यावर भागवू नकोस. बैल धावेवरून, म्हणजे विहिरीपुढच्या उतारावरून, खाली जातात तसा नाडा हा जाड दोर मोट वर खेचतो, सोंदूर हा बारीक दोर मोटेची सोंड सांभाळतो, पाणी विहिरीच्या काठच्या थारोळ्यात पडतं, आणि मग बैल उलट्या पावली धाव चढतात. हे उलटं चालणं त्यांना शिकवावं लागे. कसं शिकवत, ते म्हाताऱ्या मोटकऱ्याला विचार.

घोडा शोधायचा तर भीमाकाठी जा. भीमथडी तट्टू अंगानं लहान, पण काटक. मराठ्यांच्या घोडदळात ही तट्टं दौडली हे खरंच. पुढे ती जात जपली मात्र मेंढपाळ धनगरांनी. दिवाळीनंतर दुष्काळी भागातले धनगरांचे वाडे, म्हणजे मेंढरांसकट फिरते तळ, घाट उतरून कोकणाकडे जातात, पावसाच्या तोंडावर परततात. पुरुष मेंढरं चारत जातात आणि घोडी असतात बायांच्या हाती. बिऱ्हाड लादायचं काम त्यांचंच. पाठीवर वाकळ, दोन्ही अंगांना तोलून बांधलेली ओझी, मेंढरं कोंडायची वाघर, भांडी, पीठ, वर कोंबड्या, नुकती जन्मलेली कोकरं, कधी घरचं लेकरूही. एक बाजू जड झाली की घोड्याची पाठ सोलते, आणि मग ते ओझं बाईच्या डोक्यावर येतं. या लादण्यावर अख्खं प्रकरण लिही. ‘पूर्वी कसं होतं’ असं विचारू नकोस. दोर हातात देऊन ‘बांधून दाखवा’ म्हण, बोलणं आपोआप निघेल. खतासाठी शेतात मेंढरं बसवल्याबद्दल शेतकऱ्याकडून धान्य मिळे; ते किती आणि कुठल्या घोड्यावर चढे, तेही विचार.

१८८५ चं पुणे जिल्ह्याचं गॅझेटियर जरूर चाळ. भीमथडी तेव्हा तालुकाच होता, त्यामुळे त्या भागाची माहिती वेगळी मिळेल. पण लादणाऱ्या बाईसाठी वाड्यावरच जावं लागेल.

टांग्यांचं प्रकरण आटोपतं घे, त्यावर बोलणारे पुण्यात पुष्कळ भेटतील. नालबंद मात्र सोडू नकोस. घोड्याला उभ्यानं नाल ठोकतात. बैलाला दोर टाकून पाडावं लागतं, आणि खूर दुभंगलेला म्हणून एकेका पायाला दोन-दोन पत्र्या. हे काम डोळ्यांनी पाहिल्याशिवाय लिहू नकोस.

दिवाळी झाली की दौंड-बारामतीच्या बाजूला नीघ. वाडा उतरत असेल तर फोन पिशवीत ठेव आणि आधी ओझं उतरवायला हात लाव. कुत्र्यांपासून जरा जपून. नवा खर्डा शिमग्यापर्यंत पाठव, मी वाट पाहतोय.

तुझे सर