पाइप बदलला, तरी घराखालून मैल्याचा वास का येतो?

तुम्ही लिहिलंय त्यावरून मला समजलं ते असं: अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनातल्या रालेजवळचं घर, न्हाणीघराखालचा सांडपाण्याचा पाइप तडकून क्रॉल स्पेसमध्ये (घराच्या फरशीखालच्या बुटक्या, मोकळ्या जागेत) मैलापाणी साठलं, प्लंबरने पाइप बदलला, पण तीन आठवडे झाले तरी वास वर येतोच आहे. त्यात सासूबाई भारतातून आलेल्या. खाली ब्लीच ओतू का, असं विचारलंय.

कृपया ओतू नका. मातीतल्या सेंद्रिय घाणीवरच ब्लीच खर्ची पडतं, खोलवर पोचत नाही. शिवाय लघवीतल्या अमोनियाशी गाठ पडली की क्लोरामाइन हा विषारी वायू तयार होतो, तोही जिथे सरपटत जावं लागतं अशा कोंदट जागेत.

प्लंबरचं काम पाइपपाशी संपतं. घाण तिथेच राहते आणि वास तिचाच असतो. आधी सगळ्याचे फोटो काढा, विम्यासाठी लागतील. (हळूहळू झिरपलेल्या गळतीचे पैसे बऱ्याच पॉलिसी देत नाहीत, पण विचारा नक्की.) मग ओल वर येऊ नये म्हणून जमिनीवर अंथरलेलं जुनं प्लास्टिक, जेवढं भिजलंय तेवढं, बाहेर काढा; त्याच्या घड्यांत पाणी साठून राहतं. तुळयांमधलं भिजलेलं फायबरग्लास इन्सुलेशनही फेकाच. ते वाळवून वापरता येत नाही. मातीचा वरचा थर, काळपट आणि वास येणारा, खरवडून पिशव्यांत भरा. खरा फरक या खरवडण्याने पडतो आणि नेमकं तेच सगळे टाळतात.

उरलेल्या मातीवर हायड्रेटेड लाइम, म्हणजे विझवलेला चुना, पातळ भुरभुरवा. गार्डन लाइम आणू नका. ती नुसती चुनखडीची भुकटी, तिचा इथे उपयोग नाही. चुना त्वचा आणि डोळे भाजतो, म्हणून गॉगल आणि रबरी हातमोजे हवेतच. दुकानदार एन्झाइमची बाटलीही देऊ करेल. चुना आणि ती एकत्र वापरू नका, चुन्याच्या क्षारात तिच्यातले जिवाणू मरतात.

मग वाळवणं. उन्हाळ्यात व्हेंट (क्रॉल स्पेसच्या भिंतीतले हवेचे झरोके) उघडले की कोरडं होईल असं वाटतं, पण तिकडची दमट हवा खालच्या थंड लाकडावर पाणी सोडते. रालेच्याच अ‍ॅडव्हान्स्ड एनर्जी संस्थेने प्रिन्सव्हिलमधल्या 12 घरांत मोजमाप केलं, तेव्हा बंद क्रॉल स्पेस उघड्यांपेक्षा कोरडे राहिले. सफाई करताना हवा खेळती ठेवा. नंतर व्हेंट बंद करून डीह्युमिडिफायर (हवेतला ओलावा शोषणारं यंत्र) लावा, त्याचं पाणी नळीने बाहेर काढा. तुळयांतला ओलावा मीटरने तपासा: 20 टक्क्यांच्या खाली यायलाच हवा, 15 च्या आसपास आला तर उत्तम. त्यानंतरच नवं प्लास्टिक, किमान 6 मिल जाडीचं (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग, मिलिमीटर नव्हे), सांधे निदान 6 इंच एकमेकांवर घेऊन टेपने बंद केलेलं. ओल्या मातीवर घाईने अंथरलंत तर वास खाली कोंडून राहील.

एसी सुरू झाला की वास वाढतो का, हेही बघा. वाढत असेल तर खालून गेलेली रिटर्न डक्ट (घरातली हवा एसीकडे परत नेणारी नळी) कुठेतरी फुटलेली असणार आणि ती खालची हवा ओढून घरभर पसरवतेय. ती फट मास्टिकने (डक्ट बुजवायच्या लेपाने) बंद करून घ्या. एवढं करूनही वास राहिला तर वापरात नसलेल्या बाथरूमचा ट्रॅप (वास अडवण्यासाठी पाणी धरून ठेवणारा पाइपचा बाक) सुकलाय का, कमोडखालची मेणाची रिंग गळतेय का, ते तपासा आणि प्लंबरकडून धुराची चाचणी (पाइपात धूर सोडून गळती शोधणं) करून घ्या. कदाचित दुसरी तडही असेल.

खाली एकट्याने उतरू नका. पाणी साचलं असेल तर आधी तिथला वीजपुरवठा बंद करा. कुजक्या अंड्यांचा उग्र वास येऊन अचानक नाहीसा झाला तर लगेच बाहेर या. हायड्रोजन सल्फाइडने नाक बधिर होतं, वायू तिथेच असतो. मैलापाणी खूप असेल तर हे काम सफाई कंपनीलाच द्या.

आणि सफाई चालू असेल तोवर एसी बंद ठेवा, सासूबाईंना कुणा ओळखीच्यांकडे राहू द्या. खरवडताना वास आधी वाढतो.