सूर-सल्ला : लांब बासरी, छोटी बोटं

प्रश्न : मुलगी बारावीनंतर विद्यापीठाच्या संगीत विभागात बासरी शिकते. तिथे एकदम लांब बासरी दिली आहे. बोटं पोचत नाहीत, शिवाय एसी सभागृहात सूर उतरतो. बासरी बदलावी का?
– एक आई, घोडबंदर रोड, ठाणे

उत्तर : ताई, बासरी ठेवा. बासरीवादक पन्नालाल घोष (१९११–१९६०) यांनी मोठी बासरी रागसंगीतात रुजवली ती खालच्या सप्तकातल्या गंभीर आलापीसाठी. पदवीला तीच लागणार. मात्र टोकांनी भोकं झाकायचा हट्ट सोडायला सांगा. बोटं सरळ, थोडी आडवी ठेवून मधल्या पेराने झाकायची. तरीही ताण आला तर काही महिने पांढरी पाचची (पेटीच्या पाचव्या पांढऱ्या पट्टीच्या सुराची, आखूड) बासरी, मग लांब पांढरी तीन. मनगट दुखत असताना रियाज रेटायचा नाही, गुरुजी काहीही म्हणोत!

सुराचं म्हणाल तर दोष मुलीचा नाही. नळीतली हवा गार झाली की ध्वनीचा वेग घटतो; दहा अंशांच्या फरकाने सूर अर्ध्या स्वराच्या साधारण तिसऱ्या हिश्शाएवढा उतरतो. तंबोरा आधी लावून बासरी त्यावर ओढणारी मुलं मी ठाण्यात दरवर्षी बघतो. फुंकर जोरात मारून सूर चढतो खरा, पण नाद फाटतो. उलट करा : विंगेत दहा मिनिटं मंद्र म्हणजे खालच्या सप्तकात वाजवून बासरी तापवायची, मग तिच्या षड्जाला (सा) तंबोरा लावायचा. तबलजीला हे आधीच सांगावं, नाहीतर तो हातोडी घेऊन रुसतो.

आणि उन्हात उभ्या गाडीत बासरी ठेवू नका, बांबू तडकतो.